'नॅशनल पार्कला एक पैसाही देऊ नका' म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: "राष्ट्रीय उद्यानं सरकारची आहेत, टॅक्सवर चालतात, वर तिकीटही घेतात, मग देणगी कशाला? देणगी प्राण्यांपर्यंत पोचत नाही, संस्थांच्या पगारात जाते. जेवढी देणगी येते तेवढं सरकार बजेट कापतं. श्रीमंत लोक टॅक्स वाचवायला पैसे देतात आणि उद्यानावर ताबा मिळवतात. तुमच्या किरकोळ रकमेनं काही होत नाही, एक पैसाही देऊ नका."

वाचताना पटतं, मान्य. पण यातलं एकेक वाक्य नीट तपासलं तर काही चूक निघतं, काही अर्धवट, आणि असे मेसेज वाचून लोकांनी हात आखडता घेतला तर नुकसान जंगलाचं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय. मेसेज अमेरिकेतल्या पार्कांबद्दल आहे, त्यामुळे उदाहरणंही बहुतेक तिकडचीच.

'सरकारची आहेत' इथपासूनच सुरू करू. आज सरकारची आहेत, पण सरकारकडे आली कशी? मेन राज्यातलं अकेडिया घ्या. जॉर्ज डॉर आणि त्याच्या सोबतच्या लोकांनी वर्षानुवर्षं जमिनी गोळा केल्या आणि १९१६ मध्ये सरकारला फुकट दिल्या, १९१९ मध्ये तिथं नॅशनल पार्क झालं. तिथले दगडी पुलांचे घोडागाडीचे रस्ते, जे बघायला आज लोक जातात, ते तेलसम्राट रॉकफेलरच्या मुलानं, रॉकफेलर ज्युनियरनं, स्वतःच्या पैशानं बांधले, सत्तर किलोमीटरच्या आसपास. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कचा टायोगा रोड १९१५ मध्ये स्टीफन मेदरनं मित्रांकडून वर्गणी काढून आणि निम्मे पैसे स्वतःचे घालून विकत घेतला आणि सरकारला दिला, आणि हाच माणूस पुढे नॅशनल पार्क सर्व्हिसचा, म्हणजे ही पार्कं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचा, पहिला डायरेक्टर झाला. म्हणजे पार्क सर्व्हिस जन्माला यायच्या आधीपासून देणगी आहे.

आता तिकीट. ४०० च्या वर जागा पार्क सर्व्हिसकडे आहेत आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी प्रवेश फीच नाही. जिथं आहे तिथं २००४ च्या कायद्यानुसार साधारण ८० टक्के पैसे त्याच पार्कमध्ये राहतात, ही चांगलीच गोष्ट आहे, पण रखडलेल्या दुरुस्त्यांचा डोंगर २,००० कोटी डॉलरच्या वर गेलाय. रस्ते, पाण्याच्या लाईन, गटारं, जुन्या इमारती. तिकिटाच्या पैशातून एवढं कुठून होणार?

'देणगी आली की सरकार बजेट कापतं', माझ्या मते मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हाच, कारण प्रत्यक्षात बऱ्याचदा बरोबर उलटं होतं. ग्रँड टिटनचंच बघा. पार्कच्या हद्दीत वायोमिंग राज्याची ६४० एकर जमीन होती, अँटेलोप फ्लॅट्स नावाची. ही राज्याच्या शाळांसाठी राखलेली जमीन, म्हणजे राज्याला तिच्यातून शाळांसाठी उत्पन्न काढणं भागच. पार्कनं घेतली नाही तर ती दुसऱ्या कुणाला विकली जाण्याचा धोका होता, आणि तिथं बंगले उभे राहिले असते तर प्राण्यांचा जाण्यायेण्याचा रस्ताच अडला असता. किंमत ४ कोटी ६० लाख डॉलर. देणगीदारांनी २ कोटी ३० लाख जमवले आणि तेवढेच सरकारी लँड अँड वॉटर फंडातून आले, डिसेंबर २०१६ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. पुढे २०२४ च्या शेवटी त्याच भागातली केली पार्सल नावाची जमीन, तीही ६४० एकर, १० कोटी डॉलर. त्यात ३ कोटी ७६ लाख देणगीचे आणि बाकीचे सरकारी. देणगी आली नसती तर ते सरकारी पैसे तिथं आले असते का? मला नाही वाटत, कारण जमिनीचा सौदा कुणाच्या वार्षिक बजेटची वाट बघत थांबत नाही, आणि अर्धी रक्कम हातात आहे म्हटल्यावर बाकीची मंजूर करून घेणं खूप सोपं जातं.

योसेमिटीच्या मॅरिपोसा ग्रोव्हचं, म्हणजे तिथल्या जुन्या झाडांच्या राईचं, तसंच. सिकोयाच्या प्रचंड झाडांच्या मुळांवर डांबर आणि पार्किंग होतं, ते काढून पाण्याचे नैसर्गिक प्रवाह मोकळे केले, ४ कोटी डॉलरचं काम, निम्मे योसेमिटी कन्झर्वन्सी या संस्थेच्या देणगीदारांचे आणि निम्मे पार्क सर्व्हिसचे, २०१८ मध्ये ग्रोव्ह परत उघडलं. आणि हे एकदोन पार्कांपुरतं नाहीये, २०१६ च्या कायद्यानं सेंटेनियल चॅलेंज नावाची योजनाच पक्की केली, तिच्यात सरकारी पैसा मिळवायचा तर आधी तेवढीच बिगरसरकारी रक्कम दाखवावी लागते.

आता या मुद्द्यातली खरी भीतीही सांगते, कारण ती मलाही आहे. रेंजरचे नेहमीचे पगार, शोध आणि बचावाची टीम, पिण्याचं पाणी, हे देणगीवर चालू नये. ते सरकारचंच काम. २०२५ मध्ये पार्क सर्व्हिसची माणसं मोठ्या संख्येनं कमी झाली, पण ती सगळ्या सरकारी खात्यांत चाललेल्या कपातीत, देणग्या वाढल्या म्हणून नव्हे. तेव्हा बजेटसाठी भांडायचं आणि देणगीही द्यायची, यातलं एक केलं की दुसरं सोडायचं असं कुणी सांगितलं?

'पगारात जाते' हे वाक्य वाचून मात्र मला खरंच वाईट वाटलं. संवर्धन म्हणजे माणसांचं काम आहे हो. यलोस्टोन पार्कमधल्या यलोस्टोन लेकमध्ये बाहेरचे लेक ट्राउट मासे १९९४ मध्ये सापडले, ते तिथल्या मूळच्या कटथ्रोट माशांना खातात. कटथ्रोट अंडी घालायला उथळ ओढ्यांत चढतात म्हणून अस्वलांना आणि पक्ष्यांना मिळतात, लेक ट्राउट खोल पाण्यात राहतात, ते कुणाच्याच हाती लागत नाहीत. म्हणून दरवर्षी बोटीतून जाळी लावून लाखोंनी काढावे लागतात, आणि या कामात यलोस्टोन फॉरेव्हर या संस्थेनं जमवलेली देणगी जाते. जाळी ओढणाऱ्याला पगार नको का? आफ्रिकेत मोझांबिकच्या गोरोंगोसा पार्कमध्ये यादवी युद्धानंतर मोठे प्राणी ९० टक्क्यांहून जास्त संपले होते. २००४ पासून ग्रेग कार या अमेरिकन उद्योजकाच्या फाउंडेशननं सरकारबरोबर काम सुरू केलं आणि आज तिथं कळप परत दिसतात, तेसुद्धा पगारी रेंजर आणि अभ्यासकांच्याच जिवावर. संस्थेचा हिशेब बघायचाच असेल तर जरूर बघा, अमेरिकेत अशा संस्थांचा फॉर्म ९९० सगळ्यांना खुला असतो, ऑफिसवर किती आणि कामावर किती ते त्यात दिसतं. ज्या संस्थेचा हिशेब पटत नाही तिला देऊ नका, तेवढ्यासाठी सगळ्यांना चोर ठरवू नका.

टॅक्सचं गणित तर साधंच आहे. तिकडे सगळ्यात वरचा इन्कम टॅक्सचा दर ३७ टक्के. १०० डॉलर दिले तर त्या टॅक्समध्ये फार तर ३७ वाचतात, ६३ खिशातून जातातच, मग यात नफा कुठला? ताब्याचं म्हणाल तर पार्क सर्व्हिसच्या नियमात देणगीच्या बदल्यात निर्णयात वाटा मिळत नाही. अर्थात संशयाला कारणं घडलीत हेही खरं, रॉकफेलरनं ग्रँड टिटनच्या जमिनी स्वतःचं नाव लपवून कंपनीमार्फत घेतल्या आणि स्थानिक लोक भडकले, बरोबरच होतं त्यांचं. पण जमीन शेवटी गेली कुठे? १९४९ मध्ये ३२,००० एकरांहून जास्त जमीन त्यानं सरकारला देऊन टाकली. चिलीत टॉम्पकिन्स या अमेरिकन उद्योजक दांपत्यावरही असेच आरोप झाले होते, आणि २०१८ मध्ये त्यांच्या संस्थेनं ४ लाख हेक्टर जमीन पार्कांसाठी सरकारला देऊन टाकली, सरकारनं स्वतःची कितीतरी पट जास्त जमीन त्यात घातली.

राहिला 'किरकोळ रकमेनं काही होत नाही' हा मुद्दा. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये जमीन लाकूड कंपन्यांची आणि शेतकऱ्यांची होती, ६,००० च्या वर तुकडे, आणि जमीन विकत घ्यायला केंद्र सरकार तेव्हा पैसे देणार नव्हतं. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांनी पैसे घातले, रॉकफेलरांच्या निधीतून १९२८ मध्ये ५० लाख डॉलर आले. पण त्याच्या आधी सामान्य लोकांनी वर्गणी काढली होती, शाळेतल्या पोरांनी सुट्टी नाणी आणून दिली होती, आणि इतके लोक मागे आहेत हे दिसल्यावरच मोठे पैसे आले. हजाराहून जास्त कुटुंबांना तिथून उठावं लागलं, त्याचं दुःखही या पार्कच्या इतिहासात आहे आणि ते लपवू नये. १९३४ मध्ये पार्क झालं. आज अमेरिकेत सगळ्यात जास्त लोक ज्या नॅशनल पार्कमध्ये जातात ते हेच, वर्षाला १ कोटी २० लाखांच्या आसपास, आणि तिथं अजूनही प्रवेश फी नाही.