बोटं बधिर झाली की बर्फ चोळा? अजिबात नाही!

‘बर्फातल्या ट्रेकचे सहा मंत्र’ नावाचा एक मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या भाचीलाही तो आला आणि तिने तो सामानाच्या यादीसोबत जपून ठेवला, म्हणून हे लिहितो आहे. मंत्र थोडक्यात असे: बधिर बोटांवर बर्फ चोळा; थंडी वाजली की रमचे दोन घोट घ्या; निम्मी उष्णता डोक्यातून जाते, तेव्हा टोपी घातली की काम झालं; मोजे जितके जास्त तितकी ऊब जास्त; थंडीत तहान लागत नाही, पाणी कमी न्या, लागलंच तर बर्फ खा; रात्री तंबू बंद करून आत स्टोव्ह पेटता ठेवा. पहिल्या मंत्रापायी बोटं जातील, शेवटच्यापायी जीव.

बर्फ चोळण्याचा सल्ला दोनशे वर्षं जुना आहे. १८१२ साली नेपोलियनचं सैन्य रशियातून माघार घेत होतं. त्याचा सर्जन डोमिनिक-जाँ लारे याला दिसलं, की गोठलेले हातपाय शेकोटीवर धरणाऱ्या सैनिकांचे अवयव सडतात. त्यावरून त्याने ठरवलं, की ऊब हळूहळूच द्यायची आणि सुरुवात बर्फ चोळून करायची. शेकोटीबद्दल त्याचं बरोबर होतं. बधिर कातडीला चटका कळत नाही, मांस भाजतं. शिवाय ते सैनिक पुन्हा थंडीत चालायला लागत आणि तेच अवयव पुन्हा गोठत. बर्फाबद्दल मात्र तो चुकला, आणि ती चूक शंभराहून जास्त वर्षं टिकली. गोठलेल्या भागात पेशींच्या आतबाहेर बर्फाचे स्फटिक झालेले असतात. तो भाग चोळला की आधीच दुखावलेल्या पेशी आणखी फाटतात, कातडी सोलवटते, आणि वरचा बर्फ उरलीसुरली उष्णताही ओढून घेतो.

मग करायचं काय? बोट पांढरं पडलंय, बधिर आहे, पण दाबल्यावर मऊ लागतंय, तर आडोशाला थांबा, अंगठ्या काढा, ओले हातमोजे बदला आणि हात स्वतःच्या काखेत धरा. पाय असेल तर सोबत्याच्या काखेत. दहाएक मिनिटांत संवेदना परत आली तर ठीक. आली नाही, किंवा बोट लाकडासारखं कडक लागलं, तर तो हिमदंश समजा आणि उतरायला लागा.

पुढचं सगळं वाइल्डरनेस मेडिकल सोसायटी या, डोंगर-जंगलातल्या उपचारांवर काम करणाऱ्या वैद्यकीय संस्थेच्या हिमदंशावरच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट दिलंय. अवयव ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवायचा, भांड्याच्या कडेला टेकू द्यायचा नाही, पाणी हलवत राहायचं आणि थंड होईल तसं गरम पाणी घालून तापमान राखायचं. थर्मामीटर नसेल तर मदत करणाऱ्याने आधी स्वतःचा हात अर्धा मिनिट त्यात धरून पाहायचा. रुग्णाच्या बधिर हातावर विसंबायचं नाही. साधारण अर्ध्या तासात कातडी लालसर-जांभळी आणि मऊ होते. या वेळी वेदना प्रचंड होतात, त्यामुळे ज्याला हे औषध सोसतं त्याला आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी द्यावी. नंतर पुसायचं-चोळायचं नाही, हवेवर वाळू द्यायचं आणि बोटांमध्ये कोरडं गॉझ ठेवायचं.

एक अट मात्र ठळक लक्षात ठेवा: तो भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तो मुद्दाम वितळवायचाच नाही. वितळून पुन्हा गोठलेल्या अवयवाचं नुकसान कितीतरी जास्त होतं. गोठलेल्या पायाने खाली चालत येणं परवडतं. वरच्या तंबूत पाय वितळवून सकाळी पुन्हा बुटात घालणं परवडत नाही.

आता रम. ‘गरम वाटतं’ हे खरं आहे आणि फसगत तिथेच होते. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त वर येतं, गाल उबदार लागतात आणि पोटातली ऊब बाहेर जाते. कुडकुडणं हा शरीराचा उष्णता तयार करण्याचा मार्ग, तोही दारूने मंदावतो. दिवसभर चढून अंगातला साखरेचा साठा संपलेला असताना यकृताचं साखर तयार करणंही अडतं. आणि ‘आता परत फिरू’ हा निर्णय घेणारं डोकंच सैल पडतं. थंडी वाजतेय तर कोरडे कपडे घाला, गोड आणि गरम काहीतरी प्या, काहीतरी खा, हालचाल करा. कोणी कुडकुडायचा थांबला, पण अडखळतोय, बोलणं बोबडं होतंय, तर तो बरा झालेला नाही. त्याचा हायपोथर्मिया, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायकरीत्या उतरणं, वाढलाय. त्याला आडवं करा, झाका, जमिनीपासून वेगळं करा आणि मदत मागवा.

टोपी घालाच, एवढं त्या मेसेजचं मान्य. पण ‘निम्मी उष्णता’ चूक आहे. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा भाग. उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. टोपीच्या भरवशावर घामाने भिजलेला सुती बनियन अंगात ठेवणाऱ्याला टोपी वाचवणार नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक घाला आणि चढ सुरू होण्याआधी, घाम येण्याआधी, एक थर उतरवा.

मोज्यांचं सोपं आहे: बुटात बोटं हलली पाहिजेत. तिसरा जोड कोंबला की रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतात.

तहान थंडीत कमी जाणवते, हेही खरं. पण कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जातच राहतं, म्हणून कमी न्या हा सल्ला उलटा आहे. एक लिटर पाण्याइतका बर्फ वितळवून अंगाच्या तापमानाला आणायला शरीराचे सव्वाशेच्या आसपास किलोकॅलरी जातात. ते काम स्टोव्हला करू द्या. भांड्यात आधी थोडं पाणी ठेवा, नाहीतर तळ करपतो. बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे झाकण मोकळं राहतं.

आणि बंद तंबूत स्टोव्ह. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो. स्टोव्ह बाहेर पेटवा. वादळात पर्यायच नसेल तर तंबूच्या दाराबाहेरच्या आडोशात, वर आणि खाली दोन्ही झरोके उघडे ठेवून, कोणीतरी जागं असताना. काम झालं की लगेच विझवा. डोकेदुखी, मळमळ, सुस्ती ही कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची लक्षणं उंचीच्या त्रासासारखीच असतात, म्हणून लोक गोळी घेऊन झोपतात. स्टोव्ह पेटलेला असताना डोकं दुखायला लागलं तर आधी तो विझवा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा, आणि उंचीचा विचार नंतर करा.