ताराराणी, राजसबाई आणि पदोन्नतीचा अर्ज

कोल्हापुरात मराठेशाहीतील स्त्रियांचा इतिहास शिकवणाऱ्याला विषयाची ओळख करून द्यावी लागत नाही; कावळा नाक्यावरचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा ते काम करतो. अडचण येते ती त्यापुढची गोष्ट सांगताना. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर आपल्या लहानग्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवून ताराबाईंनी औरंगजेबाशी झुंज दिली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १७१४ मध्ये मात्र पन्हाळ्यावर त्यांची सवत राजसबाईंनी त्यांना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकले व आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवले, हा प्रसंग आपण अजूनही सवतीमत्सराच्या थाटात सांगतो. दोन भाऊबंदांनी हेच केले असते तर आपण सरदारांचे गट, अमात्यांचे पाठबळ आणि गादीचा हक्क यांची चर्चा केली असती. पुढे या संभाजीच्या पत्नी जिजाबाईंनी १७६० नंतर करवीरचा, म्हणजे कोल्हापूर राज्याचा, कारभार पाहिला, त्यांचा तर उल्लेखही क्वचितच होतो.

हे चित्र बदलायचे तर जुन्या कागदपत्रांच्या दप्तरखान्यात बसावे लागते. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरे लटकवलेली, शब्द सुटे न केलेले, तारीख अरबी कालगणनेतली. शिवाय कागद राजाच्या नावाने निघालेला, त्यामुळे निर्णय घेणारी आई त्यात शोधावी लागते. कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम स्त्रियांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी वाचताना तर पराक्रमाच्या गोष्टी सांगून भागत नाही. (पुतळे त्यांचे होत नाहीत.) डॉ. आप्पासाहेब पवारांनी संपादित केलेली ताराबाईकालीन कागदपत्रे शिवाजी विद्यापीठाने छापली म्हणून आमच्या पिढीचे बरेच श्रम वाचले.

अशा कामात उमेदीची वर्षे घालवलेली प्राध्यापिका गणेशोत्सवातल्या व्याख्यानमालेत किंवा पन्हाळ्यावर वाटाड्यांसमोर तेच कागद उलगडून दाखवते, तेव्हा ती संशोधनाचेच काम करत असते, असे माझे स्पष्ट मत आहे. पदोन्नतीच्या अर्जात मात्र त्याला ‘विस्तारकार्य’ म्हणून कोपऱ्यातली जागा मिळते आणि कुणी न वाचलेल्या शोधनिबंधाला भरघोस गुण मिळतात. श्रोत्यांपैकी एखाद्याने आपल्या घरातली जुनी कागदांची पेटी आणून दाखवली, तर त्याची नोंद करायला अर्जात रकानाच नाही. मोजमाप कसे करायचे, असे विचारले जाते. व्याख्यानाचा मजकूर आणि त्यासाठी वाचलेले कागद विषयातल्या जाणकारांपुढे ठेवता येतात. शोधनिबंधाच्या बाबतीतही शेवटी तेच तपासले जाते.