‘सगळे बोल्ट स्टेनलेस करून टाका’ म्हणणाऱ्यांना

जुनी गाडी हौसेने पुन्हा उभी करणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो. थोडक्यात असा: ‘बोल्ट, क्लिपा, ब्रॅकेट यांच्या फिनिशवर डोकं शिणवू नका. सरसकट स्टेनलेस लावा, ते जास्त मजबूत असतं आणि गंजाची कटकट संपते. मूळचेच बोल्ट ठेवायचे असतील तर क्रोम करून घ्या. कंपनीत तरी सगळ्यांना एकच साधं झिंक (जस्ताचा मुलामा) असायचं. शिवाय बोल्टकडे बघतंय कोण?’ ऐकायला सोयीचं आहे, म्हणूनच पसरतं. एकेक मुद्दा घेऊ.

‘स्टेनलेस जास्त मजबूत असतं.’ याचं उत्तर बोल्टच्या डोक्यावरच कोरलेलं असतं. ८.८ हा मजबुतीचा दर्जा लिहिलेला साधा पोलादी बोल्ट तुटण्याआधी सुमारे ८०० मेगापास्कल ताण सोसतो आणि ६४०च्या आसपास कायमचा ताणला जायला लागतो. दुकानात सर्रास मिळणाऱ्या ए२-७० स्टेनलेसचे हेच आकडे ७०० आणि ४५०. सस्पेन्शनला किंवा सीटबेल्टला १०.९चा बोल्ट असेल तर तुलनाच नको. भरीला स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं की आटे एकमेकांत रुतून बसतात आणि नट पुढेही जात नाही, मागेही येत नाही. करवत आणावी लागते.

‘गंजाची कटकट संपते.’ बोल्टची संपते, त्याच्या शेजाऱ्याची सुरू होते. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये स्टेनलेस बोल्ट बसवला आणि ओल, त्यातही खारी ओल पोचली, की ॲल्युमिनियम झिजतं. बोल्ट लखलखीत राहतो आणि भोकाभोवती पांढरी भुकटी जमते. जुन्या गाड्यांत कॅडमियमचा मुलामा असायचा त्याचं एक कारण हेच होतं: ॲल्युमिनियमशी त्याचं बऱ्यापैकी जमतं. कॅडमियम विषारी असल्याने आता त्याच्या वाटेला जाऊ नये. पण त्याची मंद, किंचित मऊ चंदेरी झाक हवी असेल तर चमक आणणारी रसायनं कमी वापरलेलं झिंक आणि त्यावर रंगहीन पॅसिव्हेशन (झिंकला जपणारा रासायनिक थर), एवढ्यावर बरंच जवळ जाता येतं.

‘क्रोम करून घ्या.’ इथे जरा थांबू, कारण नुकसान जास्त इथेच होतं. शोभेच्या क्रोमचा थर अगदी पातळ असतो, पण त्याखाली निकेल असतं आणि ते सहज १५-२० मायक्रॉन भरतं. आट्यांचा कोन ६० अंशांचा असल्यामुळे मुलामा जेवढा जाड, त्याच्या चौपट आट्याचा पिच व्यास (आट्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर मोजलेला व्यास) वाढतो. एम ८च्या (८ मिलिमीटर जाडीच्या) नेहमीच्या बोल्टमध्ये मुलाम्यासाठी २८ मायक्रॉनची जागा सोडलेली असते, म्हणजे थर जेमतेम ७ मायक्रॉनचा. २० मायक्रॉन चढवलेत तर वाढ ८०ची. नट बसणार कसा? मग लोक वरून डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवतात आणि पैसे मोजून चढवलेला थर खरवडून काढतात.

दुसरी भानगड दिसत नाही. ॲसिडच्या धुण्यात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो. मऊ पोलादाला फारसा फरक पडत नाही. १२.९चे बोल्ट, स्प्रिंगा, सर्क्लिपा (खाचेत बसणाऱ्या कड्या), स्प्रिंग वॉशर असे कडक भाग मात्र ठिसूळ होतात आणि आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी, कोणी हातही न लावता, तुटतात. माझ्याकडून हे झालंय. बोल्ट आणि स्प्रिंग क्लिपा एकाच पिशवीत भरून प्लेटिंगला दिल्या. सगळं एकसारखं सोनेरी होऊन आलं, मी खूश. पहिलीच क्लिप दाबली आणि तिचे दोन तुकडे. चूक माझीच, पिशवी मी भरली होती. असे कडक भाग प्लेटिंग झाल्या झाल्या २०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भाजावे लागतात, तेही झिंकवरचा सोनेरी रंग देणारं पिवळं क्रोमेट चढवण्याआधी, कारण तो थर एवढी उष्णता सोसत नाही. हे सांगितल्याशिवाय होत नाही.

‘कंपनीत सगळ्यांना साधं झिंक असायचं.’ मुळीच नाही. बॉनेटच्या बिजागऱ्या कित्येक गाड्यांत काळपट फॉस्फेटच्या (पोलादावर रसायनाने आणलेल्या, तेल धरून ठेवणाऱ्या थराच्या) असत. बरीच इंजिनं जोडून झाल्यावर रंगवली जात, म्हणून ब्लॉकवरचे बोल्ट इंजिनच्याच रंगाचे. नंतर लावलेल्या भागांचे बोल्ट मात्र बिनरंगाचे. दारं आधी टांगून मग रंग मारला असेल तर बिजागरीचे बोल्टही बॉडीच्या रंगात. कार्ब्युरेटर, डायनॅमो बाहेरच्या पुरवठादारांकडून यायचे, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीची गाडी असेल तर चमकणाऱ्या भागांना क्रोम नव्हतंच, निकेल होतं, आणि त्याची झाक थोडी उबदार, पिवळसर असते. खरं काय होतं ते पाहायचं तर बोल्ट काढा आणि डोक्याच्या खालची, वॉशरने झाकलेली बाजू बघा. उजेड, पाणी आणि आधीच्या मालकांचे ब्रश तिथे सहसा पोचलेले नसतात. धुण्याआधी फोटो काढा. धुतल्यावर पुरावा गेला.

‘बघतंय कोण?’ टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना. पाना फिरवताना लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला लागतो, बाकी डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. मॅन्युअलमधला आकडा मूळ फिनिश धरून दिलेला असतो. तेल लावलेल्या फॉस्फेटच्या जागी कोरडं झिंक आलं की तोच आकडा वेगळा ताण देतो. त्यामुळे सिलिंडर हेडचे आणि बेअरिंग कॅपचे बोल्ट मी प्लेटिंगला देतच नाही. घासून पुसून, मोजून, तेल लावून पुन्हा जागेवर.