मिठाच्या पुडीवर तारीख

आईचं बीपी वाढलं आणि डॉक्टर 'मीठ कमी करा' म्हणाले, तशी सल्ल्यांची रांगच लागली. मावशीचं म्हणणं, साधं मीठ बंद, सैंधव सुरू. दोन महिने सैंधव खाल्लं, बीपी होतं तिथंच. उतरणार कसं? सैंधव म्हणजेही बहुतेक सोडियम क्लोराइडच, रंग तेवढा गुलाबी. शिवाय सुट्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं, तो तोटा निराळा.

मग मी एक उद्योग सुरू केला. मिठाची किलोची पुडी फोडली की तिच्यावर पेनानं तारीख घालायची. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे 2 ग्रॅमच्या आत सोडियम. जेमतेम एक चहाचा चमचा. आम्ही चौघं, तेव्हा किलोभर मीठ 50 दिवस पुरायला हवं. आमची पुडी 31व्या दिवशी रिकामी! माणशी 8 ग्रॅम. थोडं भांड्यांबरोबर धुतलं जातं, कबूल. पण यात शेव, पापड, लोणचं धरलेलंच नाही.

आणि खरी मेख तिथंच आहे. आई भाजीत मीठ कमी घालते, मग भाजी अळणी लागते म्हणून वर मूठभर रतलामी शेव. रविवारी पोह्यांवर जीरावन मसाला, त्यात काळं मीठ आलंच. वरणभातावरसुद्धा शेव घेणारी मराठी घरं इंदुरात आहेत. आमचं त्यातलंच.

भाऊ म्हणतो, मिठाचा बाऊ करता तुम्ही. तो 2014 च्या 'प्युअर' या अनेक देशांतल्या अभ्यासाचा दाखला देतो: दिवसाला सोडियम 3 ते 6 ग्रॅम घेणाऱ्यांना मृत्यूचा नि हृदयविकाराचा धोका सगळ्यात कमी, त्याहून कमी घेणाऱ्यांना उलट जास्त. पण त्यात दिवसभराचं सोडियम सकाळच्या लघवीच्या एका नमुन्यावरून अंदाजानं काढलं होतं. आणि आजारी माणूस मुळात जेवतोच कमी, मग दोष कमी मिठाचा की आजाराचा?

मला पटतो तो चीनमधला प्रयोग. 600 खेडी, जवळपास 21,000 माणसं, बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला. निम्म्या खेड्यांना नेहमीचं मीठ, उरलेल्यांना पाऊण भाग मीठ नि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड. सुमारे पाच वर्षांत दुसऱ्या गटात पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी. निकाल 2021 मध्ये आला. हे वाचून दुकानात पळू नका मात्र. मूत्रपिंडं कमजोर असतील किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम जिवावर बेतू शकतं. आईसाठी आम्ही आणलं नाही, डॉक्टर नको म्हणाले.

गेली पुडी 41 दिवस पुरली. बाबा पानात डावीकडे मीठ वाढल्याशिवाय घास उचलत नाहीत, त्यांना चिमूटभर वाढतेच. शेवेचा डबा तेवढा वरच्या फळीवर ठेवलाय. काल दुपारी ओट्याजवळ स्टूल सापडलं.