धुरंधरांना चाललं, ते बाईला का नाही?

रविवारी धाकट्या बहिणीने एक मेसेज पाठवला. खाली लिहिलेलं, "ताई, हे वाच गं. हिला चित्रकलेला घालायचं थांबवू का?" भाची नुकतीच चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा पास झालीय, ए ग्रेड. मेसेजचं म्हणणं असं: कोल्हापूर कलानगरी, पण नावं सगळी पुरुषांची. बायका शेवटी शिक्षिका होतात, म्हणजे चित्रकार म्हणून हरतात. आणि ज्यांचं एवढं कौतुक होतं त्या चित्रकार नसरीन मोहमदींनी नुसत्या पट्टीने रेघा ओढल्या, पाचवीतलं पोरही ओढेल.

आधी रेघांचंच बोलू, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचा आलाय. मी चित्रकला शिकवते; वर्गात रुलिंग पेनने, म्हणजे शाई भरून सरळ रेघा ओढायच्या पेनने, दोन-दोन मिलिमीटरवर वीस समांतर रेघा ओढायला लावते. सातव्या-आठव्या रेघेला शाई संपत येते, रेघ फिकटते. पुन्हा भरली की सुरुवातीलाच थेंब फुगतो. पट्टी जरा घाईने उचलली की शाई तिच्याखाली पसरते आणि कागद वाया. नसरीननी अशा रेघा वर्षानुवर्षं ओढल्या, दाट-विरळ, तिरप्या, आणि कोऱ्या कागदावर उजेड आणि खोली उभी केली. आजाराने हातावरचा ताबा सुटत होता, तरी ओढल्या. १९९० साली किहीमला वारल्या तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने मेट ब्रॉयर ही शाखा उघडली, तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांत त्यांचं प्रदर्शन होतं. पाचवीतल्या पोराचं नव्हे.

आणि त्या शिक्षिका होत्या! १९७२ पासून कितीतरी वर्षं बडोद्याला शिकवत होत्या. म्हणजे हरल्या? मग कोल्हापुरात जन्मलेले चित्रकार म. वि. धुरंधर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत वर्षानुवर्षं शिकवत होते, ते कोण? त्यांना शिकवलं म्हणून कुणी हरलेला चित्रकार म्हणत नाही. हा हिशेब फक्त बाईलाच लावायचा.

नावांचं म्हणाल तर आबालाल रहमान, बाबूराव पेंटर, तोंडावर पुरुषच येतात, हे मान्य. पण धुरंधरांच्याच लेकीने, अंबिकाबाईंनी, १९३१ साली जे. जे.ची पदविका घेतली होती. ते नाव मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नाही, त्यात अंबिकाबाईंचा काय दोष?

चित्रं विकून दरमहा घर चालत नाही, हेही खरंच. म्हणून तर शिकवायचं.

बहिणीला कळवलंय, फॉर्म भर. रुलिंग पेन माझ्याकडचं देते.