‘मागच्या दाराने शिक्षक’ या आक्षेपाबद्दल

“वर्गातल्या मदतनिसांना शिक्षक करणं म्हणजे मागच्या दाराने भरती, आणि भोगणार विशेष गरजा असलेली मुलं,” असं तुम्ही लिहिलंत. अर्धा मुद्दा मान्य. अमेरिकेतल्या खेड्यांत माणूस मिळत नाही म्हणून अप्रशिक्षित व्यक्तीला तात्पुरत्या परवान्यावर वर्गात उभं करतात, ते मलाही पटत नाही. मी लिहिलं होतं ते याच्या उलट: विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गात शिक्षकाच्या हाताखाली काम करणाऱ्या मदतनिसांनी नोकरी सांभाळून शिकावं आणि रीतसर शिक्षक व्हावं. पदवी तीच, साधारण १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं एकक). परीक्षा तीच, परवानाही तोच. सवलत फक्त वेळापत्रकात.

पहिली अडचण जुन्या क्रेडिटांची. दोन वर्षांची पदवी आहे म्हणजे ६० क्रेडिट गाठीशी आहेत, असं मदतनीस धरून चालतात. पण ती पदवी नोकरीभिमुख असेल तर त्यातले बरेच विषय विद्यापीठ धरत नाही. कोणता विषय कशाच्या बदल्यात धरला, हे फी भरण्याआधी लेखी घ्यावं. तोंडी ‘होऊन जाईल’वर विसंबलं की शेवटी एखादं सत्र वाढतंच.

खरी गळती होते सरावाच्या सत्रात, म्हणजे पदवीसाठी प्रत्यक्ष वर्गात शिकवून दाखवावं लागतं तेव्हा. बहुधा १२ ते १५ आठवडे पूर्णवेळ, बिनपगारी. नोकरी सोडली तर आरोग्यविमाही जायची भीती. म्हणून मदतनिसाला पगारावर ठेवूनच सराव द्यायला हवा. टेनेसी राज्याने २०२२ मध्ये शिक्षकांसाठी सरकारमान्य अप्रेंटिसशिप, म्हणजे पगारावर काम करत शिकण्याची योजना, सुरू केली, तिचं मर्म हेच.

मात्र रोजचंच काम चालू ठेवून त्याला सराव म्हटलं, तर तुमचा आक्षेप खरा ठरेल. दुसऱ्याने आखलेला धडा मुलाशेजारी बसून करून घेणं वेगळं. आयईपी, म्हणजे मुलाच्या वैयक्तिक आराखड्यातलं उद्दिष्ट स्वतः लिहिणं, आठवड्याच्या नोंदी पाहून शिकवण्याची पद्धत बदलणं, पालकांपुढे ते मांडणं, हे वेगळं. त्यासाठी परवानाधारक मार्गदर्शक लागतो. लहान शाळेत तो नसला तर दुसऱ्या शाळेतला शोधावा. व्हिडिओवरून निरीक्षण चालतं का, हे विद्यापीठाला आधीच विचारावं. आणि मदतनिसाच्या जागी कोण, हे सत्र सुरू होण्यापूर्वी ठरलेलं हवं. आराखड्यात लिहिलेले मदतीचे तास मुलाला कायद्याने द्यावेच लागतात. बदली माणूस नसला की मुख्याध्यापक पहिल्याच आठवड्यात मदतनिसाला जुन्या कामावर ओढतात.

राहिला तुमचा दुसरा आक्षेप, की या मदतनिसांना ‘फुकटचं अनुदान’ मिळतं. टीच ग्रँट, म्हणजे शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना अमेरिकी केंद्र सरकार देतं ते अनुदान, वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत मिळतं. पण शिक्षण संपल्यावर ८ वर्षांच्या आत ४ वर्षं, गरीब वस्तीतल्या शाळेत, ठरलेल्या विषयात शिकवलं नाही, तर सगळी रक्कम व्याजासकट कर्ज होते, आणि ते व्याज पैसे हातात पडल्या दिवसापासूनचं.