अनुदानाची खदखद

दरवेळी तेच! संशोधन अनुदानासाठी प्रस्ताव मागवल्याची सूचना आमच्या विभागात पोचते, तेव्हा मुदत संपायला जेमतेम चार दिवस उरलेले असतात. त्यात कुलसचिवांच्या सहीचं पत्र हवं, आणि साहेब नेमके दौऱ्यावर. शेवटच्या रात्री पोर्टल गोल गोल फिरत बसतं, मग फाइल मोठी आहे म्हणून नाकारतं.

मंजुरी मिळाली तरी सुटका नाही. मार्च संपला की उपयोगिता प्रमाणपत्रासाठी, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झालं या दाखल्यासाठी, धावाधाव. ते लेखा विभागात अडकलं की पुढचा हप्ताही अडकला. जेआरएफचे, म्हणजे कनिष्ठ संशोधकाच्या छात्रवृत्तीचे, महिना ३७,००० रुपये १ जानेवारी २०२३ पासून कागदावर लागू आहेत, पण आमच्या प्रकल्पावरच्या पोराच्या खात्यात महिनोन्‌महिने दमडी येत नाही. घरमालक थांबतो का? मेस थांबते का? पैसे मंजूर आहेत ना, मग द्या की वेळेवर!